मळखाऊ

हौदाच्या पाण्यावरून संघईंच्या घरात तीन महिने वाद चालला होता, आणि तो शेवटी हीराबाईंनी जिंकला होता. विहिरीवरून येणाऱ्या पाइपाच्या तोंडाला दुहेरी कापड बांधायचं, पाणी गाळून घ्यायचं आणि कापडात अडकलेले जीव त्याच विहिरीत अलगद परत सोडायचे, असं ठरलं होतं. त्या मानाने काठाच्या रंगाचा प्रश्न एका बैठकीत सुटायला हरकत नव्हती. आज त्याचा सहावा दिवस होता.

हौद म्हणजे खरं तर स्विमिंग पूलच. घरामागच्या मोकळ्या जागेत श्रेयांसने तो बांधून घेतला होता. तीस फूट लांब, बारा फूट रुंद, कमरेइतका खोल, उतरायला रुंद पायऱ्या आणि चारी बाजूंनी सहा-सहा फुटांचा सिमेंटचा काठ. पण हीराबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "पूल कायले मनता त्याले? पूल नदीवर असते. हौद मना." तेव्हापासून गवंड्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळे हौदच म्हणत.

कल्पना नीलमची. ती श्रेयांसची बायको, माहेर जालन्याचं, वाशिमकडच्या मालेगावात तिचा फिजिओथेरपीचा दवाखाना. हीराबाई तिच्या चुलतसासू, म्हणजे सासरे कैलासचंद यांच्या थोरल्या भावाची बायको; मुलंसुना त्यांना मोठी आई म्हणत. भाऊ जाऊन वीस वर्षं झाली होती, पण घरातलं शेवटचं वाक्य अजून वहिनींचंच असे. गेल्या चातुर्मासात गावात, शिरपूरला, आलेल्या मुनिमहाराजांना आहार देताना, आहार निम्म्यावर असताना, हीराबाईंच्या गुडघ्याने दगा दिला. त्या पडल्या नाहीत. त्यांनी भिंत धरली. पण चाळीस वर्षं महाराजांसमोर उभं राहून त्यांच्या ओंजळीत घास ठेवणाऱ्या बाईने त्या दिवशी हातातली वाटी पुतणीच्या हातात दिली आणि ती आतल्या खोलीत जाऊन बसली. त्यावर घरात पुन्हा कोणी बोललं नाही. नीलमने मात्र गुडघ्यांचे एक्स-रे उजेडात धरले आणि हिशेब मांडला. कमरेइतक्या पाण्यात माणसाचं वजन जवळपास निम्मं होतं. रोज अर्धा तास पाण्यात चालल्या, तर पुढच्या चातुर्मासात मोठी आई पुन्हा उभ्या राहतील.

पुढचा चातुर्मास अडीच महिन्यांवर आला होता. काठ रंगवून, रंग मुरल्याशिवाय पाणी सोडता येत नव्हतं. आणि हीराबाई कोणत्याच रंगाला हो म्हणत नव्हत्या.

"माह्या मनाचा रंग नसन तर मी त्या काठावर पाय ठेवनार नाही," एवढंच त्यांनी सांगितलं होतं. मनाचा रंग कोणता, ते सांगितलं नव्हतं.

देवमन पेंटरने परवा काठावर पाच चौकोन रंगवून ठेवले होते. देवमन म्हणजे शिरपुरातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या लिहिणारा माणूस. पाय घसरू नये म्हणून त्याने रंगात बारीक वाळू कालवली होती, आणि ओल्या रंगात मुंगी अडकून मरू नये म्हणून, हीराबाईंच्या हुकमावरून, प्रत्येक चौकोनाभोवती हळदीची रेघ ओढली होती. पांढरा, निळा, विटकरी, करडा आणि बदामी.

दुपारी दोन वाजता नीलम डोक्याला ओढणी गुंडाळून बाहेर आली. श्रेयांसच्या दुकानातलं, पंपाच्या मोटारीची गरमी मोजायचं यंत्र तिने आणलं होतं. अनवाणी चालायचं तर कोणता रंग किती तापतो ते कळायला नको? तिने एकेका चौकोनावर यंत्र धरलं आणि आकडे वहीत उतरवले. पांढरा अठ्ठेचाळीस. बदामी एक्कावन्न. करडा सत्तावन्न. निळा एकोणसाठ. विटकरी बासष्ट. पुन्हा एकदा मोजले; एखाद्या अंशाचाच फरक पडला.

विटकरी चौकोनावर वाकली असताना तिला ते दाणे दिसले.

बारीक काळे दाणे आणि त्यांच्यासोबत थोडे मोठे, तपकिरी-तांबूस. वाऱ्याने आले असतील म्हणावं, तर पाचही चौकोनांवर तेच दोन प्रकार. तिने मोजले. विटकरीवर सात काळे, सात तांबडे. करड्यावर सात आणि सात. पांढऱ्यावर सात काळे, सहा तांबडे, आणि सातवा हळदीत पडलेला. ते ओळीत ठेवलेले नव्हते. उभ्याने दुरून टाकल्यासारखे विखुरले होते. म्हणजे टाकणाऱ्याला वाकायचं नव्हतं, किंवा वाकता येत नव्हतं. आणि प्रत्येक चौकोनापासून चार हातांवर, सिमेंटच्या बाहेरच्या कडेवर, खडूच्या आडव्या रेघा होत्या. विटकरीसमोर एक. करड्यासमोर दोन. निळ्यासमोर तीन. पांढऱ्यासमोर चार, आणि त्यातली एक अर्धवट पुसलेली. बदामीसमोर सात.

लिंबाच्या सावलीत देवमन तोंडावर रुमाल घेऊन पडला होता.

"देवमनभाऊ, हे दाणे तुम्ही टाकले?"

"हळद माही, ताई. दाने माहे नाई." त्याने रुमाल न काढताच उत्तर दिलं. "अन् रेघाबी माह्या नाई. मी रेघ ओढली तर सरळ असते."

नीलमने विटकरीवरचा एक काळा आणि एक तांबडा दाणा उचलून ओढणीच्या टोकाला बांधला. कोणी तरी मोजून, नोंद ठेवून काही तरी तपासत होतं. काय, ते तिला उमगेना. पण ज्याने कोणी हे केलं होतं, त्याच्याबद्दल तिच्या मनात एकदम आदर दाटला. तिला कॉलेजात प्रयोगाची वही अशी ठेवायला दोन वर्षं लागली होती.

*

पाच वाजता ऊन लिंबाच्या शेंड्यावर गेलं, आणि सगळे मागे जमले. कैलासचंद आडत बंद करून आले होते. श्रेयांस होता. त्याचा धाकटा भाऊ अर्हम, एमबीए करून आलेला, खिशात हात घालून हौदाच्या कडेने फेऱ्या मारत होता. त्यांची बहीण त्रिशला कारंज्याहून सकाळच्या बसने आली होती आणि येतानाच मोबाइलमध्ये कुठल्याशा रिसॉर्टचे फोटो घेऊन आली होती. हीराबाई अजून आतच होत्या.

त्रिशला पहिल्या चौकोनाजवळ गेली आणि किंचाळलीच.

"आई गं! हे काय आहे? हळद, अन् मधात काळे तीळ!"

"कुठी?" अर्हम धावत आला. "अबे हो. पाचही ठिकानी आहे."

"करनी केली कोनी तरी," त्रिशला म्हणाली. "मी मनत होतो न, एवढा मोठा हौद बांधला, लोकायच्या डोळ्यात येते. ते मागच्या गल्लीतली रोज गच्चीवरून पाहून राह्यली."

"आपल्यात असं काही मानत नाहीत," कैलासचंद गंभीरपणे म्हणाले, आणि दोन पावलं मागे सरकले.

"बाबा, मानत नाही तर मागं काहून गेले?" श्रेयांसने विचारलं.

"ऊन लागून राह्यलं होतं."

"हळद मी टाकली, शेठजी," देवमन दुरून ओरडला. "मुंग्यायसाठी."

"आणि हे तीळ नाहीत," नीलम म्हणाली. "काळं आहे ते कराळं आहे. हे तांबडं जवस. चटणीचं."

"करनी करनाऱ्यानं चटनी कायले टाकली?" अर्हम म्हणाला, आणि श्रेयांसला हसू आवरेना. त्रिशला मात्र हसली नाही. तिने पायाने एक दाणा लोटायचा प्रयत्न केला, मग पाय मागे घेतला.

तेवढ्यात दारात काठीचा आवाज आला. हीराबाई आल्या. पांढरी साडी, डोक्यावरून पदर, एका हातात काठी, तिच्या टोकाला बांधलेला खडूचा तुकडा. काठाच्या कडेला त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. त्या बसल्या नाहीत. सिमेंटवर यायच्या आधी, मातीतच थांबल्या.

"बोला," त्या म्हणाल्या.

बोलायला सगळे तयारच होते. त्रिशलाने मोबाइल पुढे केला. निळाच. पाणी निळं, काठ निळा, संध्याकाळी दिवे लावले की पाहत राहावं असं. अर्हमला विटकरी हवा होता. फोटोत विटकरीच उठून दिसतो, आणि मंदिराला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी मागे चार खोल्या काढल्या तर फोटोवरच लोक येतील, असं त्याचं म्हणणं. त्यावर त्रिशलाने त्याच्याकडे असं पाहिलं, की तिचा निळा एकदम ढिला पडला.

"खोल्या? मोठ्या आईच्या हौदात यात्रेकरू डुबकी मारतीन काय?"

"दिवसभर रिकामाच राहीन तो. अर्धा तासच तं चालायचं हाय तिले."

"विटकरी नको मंग. मी निळाबी मनत नाही. बाबा मनतीन तो."

कैलासचंदांना पांढरा हवा होता. पांढरा थंड राहतो, स्वच्छ दिसतो, आणि मुख्य म्हणजे त्यावर कोणी वाद घालत नाही. नीलमने आपले आकडे वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी विजयी मुद्रेने मिशी चोळली. पण श्रेयांसला रोजचं झाडणं दिसत होतं.

"पांढरा घेतला तर रोज धुवा लागन, बाबा. वावराची माती, लिंबाचा पाला, पाखराची घान. करडा घेऊ. करडा मळखाऊ आहे. महिनाभर झाडलं नाही तरी समजत नाही."

"मळखाऊ!" हीराबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. सहा दिवसांत कोणत्याही एका रंगाबद्दल हा त्यांचा पहिला शब्द होता.

"मळखाऊ रंग नको मले," त्या म्हणाल्या. "मळ खाते तो रंग जीवबी खाते."

"म्हंजे पांढरा," कैलासचंद म्हणाले. "झालं. वहिनीनं सांगतलं. देवमन, काढ डबा."

"पांढराबी नको."

"वहिनी!" कैलासचंदांच्या आवाजात चाळीस वर्षांत क्वचित आला असेल असा सूर होता. "करडा नको, पांढरा नको. निळा नको, विटकरी तं विचारायलाच नको. बदामी चालते?"

हीराबाई बदामी चौकोनाकडे पाहत राहिल्या. ओठ हलत होते. नीलमला वाटलं, णमोकार म्हणताहेत. मग तिच्या लक्षात आलं की ओठांची हालचाल सारखी नाही. मधेच थांबते, मागे जाते, पुन्हा सुरू होते. त्या मोजत होत्या. आणि ज्या जागी त्या उभ्या होत्या, तिथून बदामी चौकोन चार हातांवर होता.

चार हात. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मोठ्या आईंनीच नीलमला सांगितलं होतं, महाराज चालताना चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकतात, आपल्याकडून तेवढं होत नाही, पण होईल तेवढं करावं. नीलमने ओढणीची गाठ सोडून दुपारचे दोन दाणे तळहातावर घेतले. काळं कराळं, लांबट, टोकदार. काळी मुंगी. तांबडं जवस. तांबडी मुंगी.

 मग बाकीचं सगळं आपोआप जुळत गेलं. उभ्याने टाकलेले दाणे, खडूच्या रेघा, विटकरीसमोरची एकच रेघ. चौदांपैकी एक. विटकरी रंगावर चौदांतला एकच जीव दिसला होता. आणि पांढऱ्यावर, जिथे आंधळ्यालाही दिसेल असं वाटतं, तिथे चार; कारण पांढरा रंग उन्हात तळपत होता आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी येत होतं.

ज्या बाईच्या नजरेची गावात ख्याती होती! पोतंभर गव्हात सोंडकिडा कुठे आहे ते ताट हलवून सांगणारी. चातुर्मासात महाराजांच्या चौक्याचं, म्हणजे आहाराच्या स्वयंपाकाचं, सगळं धान्य, दाणान् दाणा, जीव नाही ना ते पाहत हीराबाईंनीच शोधायचा, असा चाळीस वर्षांचा नेम. डोळे गेले हे घराला कळलं, तर तो नेम संपला. आणि न शोधलेल्या धान्याचा आहार द्यायचा नाही, हे तर त्यांनीच सगळ्यांना शिकवलेलं. गुडघे बरे होऊन उभ्या राहिल्या, तरी कशासाठी?

"बदामीवर सातच," हीराबाई स्वतःशीच पुटपुटल्या. ते फक्त नीलमला ऐकू गेलं.

"काय सात?" कैलासचंदांनी विचारलं.  त्यांनी खांदे पाडले. "वहिनी, तुम्हाले उतरायचंच नसन तर तसं सांगा. आमी काही बळजबरी नाही करत. पन सहा दिवसांपासून हा मानूस अथी झोपून राह्यला."

"मी काय मनतो," अर्हम म्हणाला, "मोठी आई उतरनार नसन तर खोल्यायचं पाहू. श्रेयांसदादा?"

  श्रेयांसने नीलमकडे पाहिलं. हौद तिच्या शब्दावर बांधला होता, आणि आता तो तिच्याच शब्दाची वाट पाहत होता.

नीलमने वही उघडली. आपण काय बोलणार आहोत ते तिने मनात एकदा नीट लावून घेतलं.

"चूक माझी आहे, बाबा. मी सकाळी मोठ्या आईंना सांगितलं होतं, की यातला एकही रंग घेऊ नका. मोजमापात पाचही रंग बसत नाहीत. म्हणून त्या थांबल्या. आपण एक वेगळा, फिका..."

"नीलम."

हीराबाईंचा आवाज चढलेला नव्हता. पण नीलमचं बोट वहीवर तिथेच राहिलं.

"तू सकाळी मले काही नाही सांगतलं. माह्यापायी खोटं बोलून आपल्या जिवाले दोष लावून घेऊ नको." त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली. "दाने मी टाकले, त्रिशला. करनी नाही केली कोनी. मुंगी दिसते का, ते पाहून राह्यलो होतो. सात काळे, सात तांबडे. विटकरीवर एक दिसला. करड्यावर दोन. बदामीवर सात. पंधरा-वीस दिवस झाले, दिवाळीच्या दिव्याभोवती राहते तसं धुकं राहते डोळ्यापुढं. एका डोळ्याले जास्त. जो रंग मले जीव दाखवत नाही, त्याच्यावर मी पाय कसा ठेवू? अन् तुमाले सांगतलं असतं, तर तुमी मनले असते, आता धान्याजवळ बसू नका."

 लिंबावर साळुंक्यांचं एक टोळकं कलकलाट करत उतरलं आणि पुन्हा उडालं.

कैलासचंद पुढे आले. करड्या चौकोनापासून चार हातांवर, खडूच्या रेघांवर जाऊन उभे राहिले. चश्मा नाकावर नीट बसवला. बराच वेळ पाहिलं.

"पाच," ते म्हणाले. "श्रेयांस, तू पाह्य."

श्रेयांसला आठ दिसले. त्रिशलाला सहा, आणि त्यातला एक वाळूचा खडा निघाला. अर्हमने आपली नजर सहा बाय सहा असल्याचं सांगून नऊ मोजले, मग वाकून पाहिलं, तर चौदा निघाले. सहा दिवस ज्या रंगांवर ते भांडत होते, त्यांतल्या करड्यावर चौदाही जीव चौघांपैकी कोणालाच दिसले नव्हते. आणि हीराबाईंखेरीज कोणी पाहिलेही नव्हते.

"आमी एवढे दिवस चालून राह्यलो अथी," कैलासचंद हळू म्हणाले. त्यांनी आपल्या पायाखाली पाहिलं.

"हिरवा," देवमन म्हणाला.

तो केव्हा उठून आला ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. रुमाल खांद्यावर टाकून तो चौकोनांभोवती फिरत होता, एखादा वैद्य रोगी पाहतो तसा.

"पाटीवर लाल अक्षर उठवायचं तर खाली हिरवा घ्या लागते, माय. लालाले हिरवा सोडत नाही. पन गडद नाही, गडदावर काळं बुडते. फिका. पिस्त्यासारखा."

"बरोबर," नीलम घाईने म्हणाली. "आणि पांढऱ्याइतका तळपणार नाही. तापेल थोडा जास्त, बदामीइतका. सकाळी साडेसहाला उतरायचं, तेव्हा तो गारच असेल."

देवमनने डबे उघडले. अर्ध्या नारळाच्या कवटीत पांढरा ओतला, हिरव्याचे थेंब मोजून टाकले, ढवळलं, नखावर लावून पाहिलं, पुन्हा पांढरा घातला. एकही माप त्याच्याकडे नव्हतं, आणि नीलम एकटक पाहत होती. तिने मापून केलं असतं तरी इतकं जुळलं नसतं. त्याने वाळू कालवली, सहावा चौकोन ओढला आणि भोवती हळद टाकली. वैशाखाच्या हवेत तो तासाभरात हाताला लागेनासा झाला. तेवढ्यात घरात जेवणं उरकली. सूर्य मावळायच्या आत सगळ्यांची पानं होत.  आज जेवताना त्रिशलाने मोठ्या आईच्या ताटात न विचारता दुसऱ्यांदा वरण वाढलं.

पुन्हा बाहेर आले तेव्हा उजेड मऊ झाला होता. हीराबाईंनी पाठ फिरवली. नीलमने मूठ उघडली. सात काळे. सात तांबडे.

"पाहा, मोठ्या आई."

त्या वळल्या. चार हातांवर उभ्या राहिल्या. ओठ हलू लागले. सगळे त्यांच्या ओठांकडेच पाहत होते. अर्हमसुद्धा, खिशातले हात बाहेर काढून.

"अकरा," त्या म्हणाल्या. मग पुन्हा एकदा सुरुवातीपासून पाहिलं. "अकराच. चौदा नाही."

"अकरा लय झाले, वहिनी!" कैलासचंद म्हणाले. "चालते न?"

"पाय ठेवायले चालते. हळू चालन, अजून जवळून पाहीन, काठी टेकून पाहीन." त्यांनी मान आडवी हलवली. "धान्याले नाही चालत. चौदातले तीन राहिले, तर तीन जीव गेले. उद्यापासून धान्य नीलम शोधन."

 हे वाक्य कोणी त्यांच्याकडून हिसकावून घेतलं नव्हतं. दोन दिवस उन्हात उभं राहून, खडूने नोंद करून, त्यांनी स्वतःच्याच विरुद्ध पुरावा गोळा केला होता आणि आता तो सगळ्यांसमोर मांडला होता.

"मी शोधीन," नीलम म्हणाली. "तुम्ही बाजूला बसाल. आणि चातुर्मासात घास तुम्ही ठेवाल, महाराजांच्या ओंजळीत. डोळे माझे, हात तुमचे. चालतं का असं?"

हीराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. उजेड जाता जाता त्यांच्या बुबुळावर पांढरट झाक दिसली.

"चौका एकट्याचा कधी असते?" त्या म्हणाल्या. "चालते."

"अन् सोमवारी वाशिमले डोळे दाखवू," कैलासचंद म्हणाले. "मीबी दाखवतो. पाचच दिसले मले."

"तुमचे डोळे बरोबर आहेत, भाऊजी. तुमाले खाली पाहायची सवय नाही."

श्रेयांस मोठ्याने हसला, आणि त्यामागे सगळेच. कैलासचंदही हसले, मग त्यांनी अर्हमच्या खांद्यावर हात ठेवला आणि खोल्यांचं काय म्हणत होतास, असं अगदी सहज विचारलं. अर्हम म्हणाला, की तो काही म्हणतच नव्हता.

देवमन डबे आवरायला काठावर चढला. दोन्ही हातांत दोन डबे, काखेत ब्रश, नजर घराच्या दाराकडे. त्याचं पाऊल हिरव्या चौकोनावर पडणार, इतक्यात—

"देवमन. पाय."

तो होता तसा थांबला. एक पाय हवेत. हीराबाईंनी काठी थोडी उचलून दाखवली. हळदीची रेघ पायांखाली येऊन एका जागी विस्कटली होती, आणि त्या फटीतून एक तांबडी मुंगी, तोंडात एक जवसाचा दाणा आडवा धरून, पिस्ता रंगावर चढली होती. दाणा तिच्याहून मोठा होता. ती चार पावलं पुढे येई, दाण्याच्या वजनाने दोन मागे जाई. काठीच्या रोखाने पाहिलं तेव्हाच नीलमला ती दिसली, त्याआधी नाही.

"माय, गेली काय?" देवमनने मान न हलवता विचारलं. त्याचा उभा पाय थरथरत होता आणि हातातले डबे हलकेच एकमेकांवर आपटत होते.

"उभा राह्य. जाऊन राह्यली."

सात माणसं एका मुंगीचं चालणं पाहत उभी होती. ती चौकोनाच्या काठाला पोचली, थबकली, फट शोधली आणि सिमेंटच्या करड्या रंगावर उतरून दिसेनाशी झाली.

"ठेव पाय."

देवमनने पाय ठेवला आणि हुश्श केलं. हीराबाईंनी काठी टेकवली. मातीतून सिमेंटवर चढायला तिथे एक वीतभर उंची होती. श्रेयांसने हात पुढे केला, तो त्यांनी धरला. गुडघ्याची कळ त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेली. मग हात सोडून, चार हात पुढे पाहत, एकेक पाऊल टाकत त्या हिरव्या चौकोनावर जाऊन उभ्या राहिल्या, आणि तिथून हौदाच्या कोरड्या तळाकडे, रुंद पायऱ्यांकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"श्रेयांस," त्यांनी विचारलं, "पानी कधी सोडतं?"